टेलिस्कोपचं वायफाय सारखं तुटतंय? हे ५ उपाय करून बघा

आकाशाचे फोटो काढायला मी जुन्नर तालुक्यातल्या आण्याच्या पठारावर जातो. ढग नाहीत आणि चंद्रही नाही, अशा रात्री वर्षात मोजक्याच मिळतात. त्यातल्या एखाद्या रात्री मोबाईलवर 'कनेक्शन तुटलं' असं आलं, तर सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

आधी सेटअप समजून घेऊ. टेलिस्कोपच्या माउंटवर एक छोटा कॉम्प्युटर असतो: रास्पबेरी पाय, मिनी पीसी किंवा एएसआयएअर. कॅमेरा आणि माउंट तो चालवतो. आपला मोबाईल वायफायने त्याला जोडलेला असतो. यात इंटरनेटचा काही संबंध नाही, म्हणजे पठारावर रेंज नसली तरी चालतं.

१. फोटो माउंटवरच सेव्ह करा

२६ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची १६ बिट फाइल साधारण ५० एमबीची होते. अशा शेकडो फाइल्स वायफायवरून लॅपटॉपवर ओढत बसू नका. शूटिंगचं सॉफ्टवेअर माउंटवरच्या कॉम्प्युटरवर चालवा आणि फाइल्स तिथल्याच एसएसडीवर ठेवा. मोबाईल फक्त बघायला आणि सूचना द्यायला. मग वायफाय गेलं तरी फोटो निघत राहतात.

याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि त्यांचे सिग्नल मुख्य इमारतीत येतात ते ऑप्टिकल फायबरमधून. महत्त्वाचा डेटा केबलवरच, हे सूत्र आपल्यालाही लागू आहे.

२. मोबाईलचा शहाणपणा बंद करा

या वायफायवर इंटरनेट नाही हे कळलं, की बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतात. सेटिंगमधलं आपोआप डेटावर जाण्याचं बटण बंद करा. 'इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का?' असं विचारलं तर 'हो' म्हणा. सगळ्यात सोपं म्हणजे मोबाईल डेटाच बंद ठेवा.

३. यूएसबी ३ वर नजर ठेवा

हे अनेकांना माहीत नसतं. यूएसबी ३ च्या केबल आणि पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. आपलं वायफाय त्याच पट्ट्यात! म्हणजे उघड्या माळावर शेजाऱ्याचा राउटर नसला, तरी आपलाच कॅमेरा त्रास देऊ शकतो. चांगली शिल्डिंग असलेली, छोटी केबल वापरा आणि ती अँटेनापासून लांब ठेवा. लांब एक्स्पोजरसाठी यूएसबी २ पोर्टही बहुतेक वेळा पुरतो.

४. बँड बघून निवडा

टेलिस्कोपपासून पाच-दहा मीटरवर, मध्ये काही आडवं न येता बसणार असाल तर ५ गिगाहर्ट्झ घ्या. त्यावर यूएसबीचा गोंगाट नाही. लांब बसायचं असेल तर २.४ बरा, पण चॅनल १, ६ किंवा ११ पैकीच ठेवा, कारण हे तिन्ही एकमेकांवर चढत नाहीत. चार-पाच जण सेटअप लावणार असाल तर चॅनल आधीच वाटून घ्या.

५. अँटेना मोकळी, वीज पक्की

रास्पबेरी पायची अँटेना बोर्डवरच असते. धातूच्या डबीत ठेवलात तर सिग्नल कोंडतो. पॉवर बँकवर चालणारा छोटा ट्रॅव्हल राउटर इथरनेट केबलने जोडा आणि छातीएवढ्या उंचीवर ठेवा. गाडीत बसणार असाल तर फोन काचेजवळ धरा, कारण पत्रा सिग्नल अडवतो.

आणि हो, दरवेळी दोष वायफायचा नसतो. ड्यू हीटर सुरू झाल्यावर व्होल्टेज पडून कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला, तरी मोबाईलवर दिसतं ते 'कनेक्शन तुटलं' एवढंच. हीटर आणि कॉम्प्युटरला वेगळी वीज द्या.

निघण्याआधीची परीक्षा

घरच्या गच्चीवर दोन तास सेटअप चालवा. मध्येच मोबाईलचं वायफाय बंद करा आणि दहा मिनिटांनी परत जोडा. मधल्या वेळातले सगळे फोटो एसएसडीवर असतील, तर खुशाल आण्याची वाट धरा!