तरावीह, रोवणी आणि गुडघ्यातली गादी

तरावीहच्या 20 रकात म्हणजे 40 सजदे. तितक्या वेळा गुडघा पूर्ण मुडपायचा आणि अंगाचं वजन घेऊन उठायचं. वर्षभर कसाबसा चालणारा गुडघा म्हणूनच रमजानमध्ये बोलू लागतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यात गुडघ्यांना मुळात उसंत कमी. हा धानाचा मुलूख. रोवणीच्या वेळी पाय बांधीच्या चिखलात रुतलेला असतो आणि अंग वळतं. कबड्डीत पोरांचंही तेच होतं. पाय जागेवर राहून गुडघ्याला पीळ बसला, की मांडी आणि नळीच्या हाडांमधली गादी फाटू शकते. डॉक्टर तिला मेनिस्कस म्हणतात. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन असतात, साधारण चंद्रकोरीच्या आकाराच्या. उतारवयात ती झिजलेली असते, मग नुसतं उकिडवं बसतानाही फाटते. बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथली चीर भरून येऊ शकते. आतल्या भागाला ती सोय नाही.

माझ्या मामूंच्या एमआरआय रिपोर्टात ‘फाटली’ हे वाचून घरात ऑपरेशनच्या पैशांची जुळवाजुळव सुरू झाली. डॉक्टरांनीच थांबवलं. फिनलंडमध्ये अशाच झिजून फाटलेल्या गादीच्या 146 रुग्णांवर प्रयोग झाला होता, 2013 साली तो प्रसिद्ध झाला. साधारण निम्म्यांची फाटकी गादी दुर्बिणीतून कापली, बाकीच्यांवर ऑपरेशनचं नुसतं सोंग केलं. वर्षभरानं दोन्हीकडे आराम सारखाच! मामूंनी तीन महिने फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले मांडीचे व्यायाम केले. पाय सरळ ठेवून उचलायचा, धरायचा, सोडायचा. कंटाळवाणं काम, पण जिना चढू लागले.

मात्र गुडघा अडकला, सरळच होईना, किंवा तरुण पोराचा पिळवटून सुजला, तर तेल चोळत बसू नका. अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. ताजी चीर कधी कधी टाके घालून वाचवता येते, उशीर झाला की संधी जाते.

दुखण्याच्या गोळ्यांचंही ऐका. रोजा सोडून जेवल्यावरच, तेही डॉक्टरांना विचारून घ्या. रिकाम्या पोटाला त्या सोसत नाहीत, आणि दिवसभर पाणी नसलं तर मूत्रपिंडालाही जड जातात.

राहिली खुर्ची. उभं राहता येत नसेल त्याला बसून नमाजाची सवलत दीनमध्येच आहे, तरी लोकांना लाज वाटते. मामूंनाही वाटली. आता ते उभ्यानं कियाम करतात, रुकू करतात, फक्त सजद्यासाठी खुर्चीवर बसतात. कोपऱ्यातली ती खुर्ची मोहल्ल्यातली पोरं इशाच्या आधीच मांडून ठेवतात.