बुऱ्हाणपूरहून दुबई किती लांब?

बुऱ्हाणपूरला प्रवासी विमानतळ नाही. जळगावचा विमानतळ जवळ पडतो, पण तिथून परदेशी विमान सुटत नाही. म्हणून दुबईचा हवाई प्रवास मोजायचा तो इंदूरपासून. इंदूरहून पहिले आंतरराष्ट्रीय विमान जुलै 2019 मध्ये उडाले, तेही दुबईलाच.

दोन विमानतळांमधले हवाई अंतर काढायला अक्षांश-रेखांश पुरतात. इंदूर 22.7 अंश उत्तर आणि 75.8 अंश पूर्व, दुबई 25.25 उत्तर आणि 55.4 पूर्व. म्हणजे पश्चिमेला 20.4 अंश, उत्तरेला अडीच. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण 111 किलोमीटरचा. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे आकसत जातो : इंदूरला तो सुमारे 103 किलोमीटर, दुबईला 101. सरासरी 102 धरली तर पश्चिमेकडची बाजू 2,080, उत्तरेकडची 280, आणि शाळेतल्या पायथागोरसप्रमाणे कर्ण 2,100 किलोमीटर. एवढ्या पल्ल्यावर शाळेचे गणित चालून जाते. मुंबई–लंडनच्या 7,200 किलोमीटरला ते चालत नाही. तिथे पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब, म्हणजे बृहद्वृत्त, धरावेच लागते.

ताशी 850 किलोमीटर वेगाने हे अंतर अडीच तासांत संपायला हवे. वेळापत्रकात मात्र तीन तासांहून जास्त लिहिलेले असतात, कारण त्यात धावपट्टीपर्यंतची रांगत चाल, चढण, उतरण आणि उतरण्यासाठीची वाट पाहणेही धरलेले असते. शिवाय वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा लवकर आटोपतो. राजकारणही आकाशात पोचते : एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला.

तिकीट वाचताना आणखी एक घोटाळा होतो. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. दुपारी 12 ला निघून 2 ला पोचणारे विमान दोन नव्हे, साडेतीन तासांचे असते. परतताना तेवढाच वेळ वाढीव दिसतो.

हवाई अंतर आणि वाटेतला वेळ यांचा मेळ इथे पूर्वीही नव्हता. 1615 मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो सुरतेहून बुऱ्हाणपूरला आला. सरळ रेषेत हे अंतर जेमतेम 350 किलोमीटर, पण त्याला पंधरवडा लागला. आज बुऱ्हाणपूर–इंदूर रस्ता सुमारे 180 किलोमीटरचा आहे. घाट आणि मालट्रक धरून चार तास मोजावेत. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचायचे. दोन्ही मिळून सात तास होतात, म्हणजे विमानात बसण्याच्या वेळेच्या दुप्पट.