आधी वस्तू, मग वाद

वसमत भागात हळद काढून झाली की ती शिजवायला बॉयलर लागतो, आणि मृगाचा पाऊस पडला की सेनगाव-कळमनुरीकडे सोयाबीनच्या पेरणीला ट्रॅक्टर. भाऊबंदकीत किंवा भागीदारी मोडताना असे अवजार एकाने ओढून नेले, तर दुसऱ्याचे नुकसान त्याच्या किमतीपुरते राहत नाही, हंगामच हातचा जातो. तो आधी पोलीस ठाण्यात जातो. तिथे बहुधा उत्तर मिळते : हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. कोर्टात कायदा त्याच्या बाजूने आहे. 1963च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टची कलमे 7 आणि 8 तीच वस्तू परत मागण्याचा हक्क देतात, आणि दाव्याला 3 वर्षांची मुदत असते. पण समन्स, कैफियत, मुद्दे, साक्षीपुरावा, निकाल एवढे सगळे झाल्यावर हुकूमनामा होतो. त्यात वस्तू न मिळाल्यास द्यायची पर्यायी रक्कमही लिहिलेली असते. मग दरखास्त, आणि त्यानंतर बेलिफ. हक्क शाबूत राहतो, पण तोवर पेरण्या होऊन गेलेल्या असतात.

याच कायद्याने जमिनीला वेगळी वागणूक दिली आहे. जबरदस्तीने ताबा काढून घेतला तर कलम 6 खाली 6 महिन्यांत दावा करता येतो. मालकी सिद्ध करावी लागत नाही, निकालावर अपीलही नाही. आधी ताबा परत, मालकीचा वाद नंतर. जंगम मालाला अशी वाट नाही, आणि मला हा भेद अन्यायाचा वाटतो. इंग्लंडात जमीनमालकाने थकबाकीपोटी गुरे ओढून नेली, तर कुळाला जामीन देऊन ती आधी सोडवता येत आणि भांडण मागाहून चाले. आपल्याकडेही 1871च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात बेकायदा कोंडवाड्यात घातलेल्या जनावराच्या मालकाला 10 दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. फौजदारी गुन्ह्यातला मुद्देमालही सुपूर्दनाम्यावर मिळतो. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली बजावले की वाहने ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नका. पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि सोडा. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये तर 14 दिवसांत वर्णन तयार करणे आणि पुढच्या 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश देणे, अशा मुदती आहेत. म्हणजे चोरीला गेलेली मोटारसायकल सापडली तर ती महिन्या-दीड महिन्यात मिळू शकते, पण चुलतभावाने नेलेला ट्रॅक्टर नाही. मग दिवाणी भांडणाला चोरीचा रंग देऊन फिर्याद लिहून घेण्याकडे लोकांचा कल झाला, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

म्हणून दिवाणी न्यायालयानेही ओढून नेलेली वस्तू आधी परत द्यावी आणि मालकीचा वाद मागाहून चालवावा, असे माझे म्हणणे आहे. यावर वकील सांगतील की दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 39 आहेच. आहे, पण मनाई हुकूम वस्तू विकू देत नाही, ती परत आणून देत नाही. परत देण्याचा अंतरिम हुकूम अपवादानेच निघतो; दोराब कावसजी वॉर्डन प्रकरणात 1990 साली न्यायालयाने त्यासाठी नेहमीपेक्षा भक्कम प्रकरणाची अट घातली. दुसरा आक्षेप वजनदार आहे : नेणाराच खरा मालक असेल तर? म्हणूनच वस्तू नुसत्या शब्दावर देऊ नये. पंचनामा, फोटो, विकणार नाही असे बंधपत्र, आणि मागितल्यावर हजर करण्याची हमी, या अटी फौजदारी न्यायालये रोज घालतात. दिवाणी न्यायाधीशाला त्या अवघड नाहीत. गरिबाला जामीनदार कुठून मिळणार, हेही खरे. तिथे त्याचे स्वतःचे बंधपत्र पुरे मानावे, आणि ट्रॅक्टरसारख्या नोंदणीकृत वाहनावर हस्तांतर रोखणारी नोंद आरटीओकडे करून घ्यावी.