जखमेवर प्रकाशाचा उपचार : आशा आणि मर्यादा

"डॉक्टर, लाल प्रकाश टाकून जुनी जखम भरते म्हणे. आईंना तो उपचार द्यावा का?" सासूबाईंच्या तळपायाची पट्टी सोडता सोडता एका सुनेने मला विचारले. मधुमेहातील जखम, तीन महिने चिघळलेली. वाचकहो, हा प्रश्न आपल्याही घरात उद्भवू शकतो, म्हणून त्याचे उत्तर येथे देतो.

प्रकाशोपचाराची कल्पना नवी नव्हे. त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाने उपचार केल्याबद्दल डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या एका पद्धतीत जखमेवर मेथिलीन ब्लूसारखे रंगद्रव्य लावतात आणि काही वेळाने त्यावर लाल प्रकाश सोडतात. रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते, त्यामुळे तेथील प्राणवायू अतिक्रियाशील बनतो व जंतूंचा नाश करतो. हा मारा एकाच वेळी अनेक अंगांवर होत असल्याने जंतूंना त्याला सरावणे अवघड जाते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतूही त्याला बळी पडू शकतात.

मात्र प्रकाश ऊतींत काही मिलिमीटरच शिरतो. हाडापर्यंत पोहोचलेला संसर्ग त्याच्या आवाक्याबाहेर असतो. रक्तपुरवठाच तुटपुंजा असेल, तर जंतू मेले तरी जखम भरत नाही. शिवाय या उपचाराचे बरेचसे अभ्यास लहान आहेत. म्हणून तो मूळ उपचारांना जोड ठरू शकेल, पर्याय नव्हे.

त्या सासूबाईंची चप्पल मी मागवून पाहिली. तिचा कडक तळ नेमका जखमेवर दाबत होता! पायाला बधिरता असल्याने त्यांना ते कळतच नव्हते. मृत त्वचा काढणे, पायावरचा भार हटवणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि पायाचा रक्तप्रवाह तपासणे, इतके आधी केले. जखम हळूहळू आकसू लागली.

चार आठवड्यांत जखम निम्म्यानेही लहान झाली नाही, तर उपचारांचा फेरविचार करण्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. ताप, दुर्गंधी, पसरणारी लाली किंवा काळे पडलेले बोट दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरी दिव्याचा वा उन्हाचा शेक मुळीच देऊ नये. बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही.

आणि आज रात्री झोपण्यापूर्वी वडीलधाऱ्यांचे तळपाय एकदा उजेडात पाहावेत. प्रकाशाचा हा उपयोग बिनखर्चाचा आहे.