रोबोटिक्सचा मुक्त प्रकल्प आणि आपला विद्यार्थी

अभियांत्रिकी शाखेतील आपले विद्यार्थी ‘गुगल समर ऑफ कोड’ या उपक्रमाविषयी विचारू लागले आहेत. पालकांना तो एखादा क्लास वाटतो, नाही तर नोकरीची जाहिरात. तो यांपैकी काहीच नाही. २००५ पासून चालणाऱ्या या उपक्रमात नवशिक्याने एखाद्या मुक्त-स्रोत संस्थेचे ठरावीक काम अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली घरी बसून करायचे असते. मुक्त-स्रोत म्हणजे ज्या प्रणालीचा कोड कोणालाही वाचता, वापरता व सुधारता येतो ती. आपल्या धम्माला ‘एहिपस्सिको’, या आणि पाहा, असे म्हटले जाते. हे मुक्त कोडालाही लागू पडावे. काम ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असते. २०२१ पर्यंत फक्त विद्यार्थ्यांना प्रवेश होता. २०२२ पासून १८ वर्षे पूर्ण केलेल्या कोणाही नवशिक्याला अर्ज करता येतो.

रोबोटिक्सच्या संस्थाही यात भाग घेत आल्या आहेत. माद्रिदच्या रे हुआन कार्लोस विद्यापीठातून निघालेली ‘जेडेरोबोट’ त्यांपैकी एक. येथे पहिली शंका येते ती ही की, रोबो विकत घेण्याची ऐपत नसलेल्याने काय करावे? रोबो लागतच नाही. ‘गॅझेबो’ नावाच्या मोफत प्रणालीत रोबोची चाके, भिंती, गुरुत्वाकर्षण या सर्वांची नक्कल संगणकाच्या पडद्यावर चालते. जोडीला ‘रॉस’ शिकावी लागते. कॅमेऱ्याचा प्रोग्राम चित्रे एका ठरावीक नावाखाली प्रसिद्ध करतो, दुसरा ती वाचून चाकांना आज्ञा देतो. विहाराच्या सूचनाफलकासारखेच हे. लिहिणाऱ्याला वाचणारा कोण हे ठाऊक असावे लागत नाही. मात्र रॉसच्या पहिल्या पिढीची देखभाल मे २०२५ मध्ये थांबली. जुन्या नोट्सवरून शिकणाऱ्याने आपण ‘रॉस २’ शिकत आहोत ना, हे आधी पाहावे.

आता तयारीविषयी. निवडलेल्या संस्थांची यादी साधारणपणे फेब्रुवारीअखेर जाहीर होते आणि अर्ज मार्चमध्ये भरले जातात. यादी पाहून जागा होणारा विद्यार्थी बहुधा उशीर करतो. दिवाळीच्या सुट्टीतच सुरुवात करावी. उबुंटू लिनक्स, पायथॉन, थोडे सी प्लस प्लस आणि बदलांची नोंद ठेवणारे ‘गिट’ एवढे हाताखालून गेले पाहिजे. मग जेडेरोबोटच्या ‘रोबोटिक्स अकॅडमी’तील रेषेमागे गाडी चालवण्याचा एक पाठ पूर्ण करावा. गाडी वळणावर डोलू लागते, तेव्हा नियंत्रणशास्त्राचे वर्गातील समीकरण प्रथमच खरे वाटते. अशा वेळी दुसऱ्याचे उत्तर उतरवून घेण्याचा मोह टाळावा.

यानंतरचा टप्पा सर्वात महत्त्वाचा, आणि आपली मुले नेमकी तेथेच संकोचतात. संस्थेच्या सूचनेबरहुकूम प्रणाली आपल्या संगणकावर बसवून पाहावी. ती कोठे ना कोठे अडतेच. कोणती आवृत्ती होती, कोणती आज्ञा दिली, पडद्यावर नेमके काय उमटले, हे जसेच्या तसे लिहून कळवावे. हेही योगदानच आहे. सूचनांतील चुकलेली ओळ दुरुस्त करून पाठवली तर अधिकच उत्तम. “सर, मला काम द्या” एवढाच निरोप पाठवणाऱ्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. इंग्रजी अलंकारिक नसले तरी चालते, नेमके असावे. मार्गदर्शक आडनाव किंवा महाविद्यालय पाहून नव्हे, तर पाठवलेली दुरुस्ती वाचून मत बनवतात. प्रमाणपत्रांच्या जाड फाईलपेक्षा जानेवारीत स्वीकारली गेलेली एक छोटी दुरुस्ती अधिक बोलते, असे माझे मत आहे.

अर्जात कामाची आठवडेवार योजना द्यावी लागते. एका व्यक्तीला तीन प्रस्ताव देता येतात. पण एकच नीट करावा आणि त्याचा कच्चा मसुदा मार्गदर्शकांना आधी दाखवावा. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा मे-जूनमध्ये येतात व काम त्याच सुमारास सुरू होते, तेव्हा ते दिवस योजनेत उघडपणे नोंदवावेत. अर्ज हजारोंनी येतात, नकार मिळू शकतो. तरी स्वीकारलेली दुरुस्ती आपल्या नावावर राहतेच आणि पुढच्या वर्षी तिचा आधार होतो.

पैशांविषयी पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या उपक्रमाला प्रवेश फी नाही. “निवड करून देतो” म्हणून पैसे मागणारा फसवतो आहे असे समजावे. मानधन देशानुसार व कामाच्या आकारानुसार ठरते आणि मूल्यमापनात उत्तीर्ण झाल्यावरच मिळते.

खरी अडचण यंत्राची आहे. गॅझेबो साध्या, जुन्या लॅपटॉपवर रखडतो आणि कित्येक घरांत तोही भावंडांत वाटलेला असतो. संस्थेच्या अभ्यासिकेत उबुंटू बसवलेला, १६ जीबी मेमरीचा एक संगणक आणि चांगले इंटरनेट संध्याकाळी उपलब्ध झाले, तर दोन-तीन विद्यार्थी आळीपाळीने येत्या दिवाळीपासून कामाला लागू शकतील.