एका सामन्याचे साठ डॉलर

आयोवातल्या एका छोट्या कॉलेजचे सामने रेडिओवरून सांगणाऱ्या समालोचकाला एका सामन्यामागे ६० डॉलर मिळतात. मुलींचा आणि मुलांचा बास्केटबॉल सामना एकाच संध्याकाळी पाठोपाठ असेल, तर दुसऱ्याचे निम्मे, म्हणजे दोन्हींचे मिळून ९०. बाहेरगावी जायचं तर गाडी स्वतःची आणि मैलामागे ३५ सेंट. धंद्यासाठी वापरलेल्या गाडीचा खर्च अमेरिकेच्या आयकर खात्यानं २०२५ सालासाठी मैलामागे ७० सेंट धरला होता. म्हणजे प्रत्येक फेरीत निम्मा खर्च समालोचकाच्या खिशातून जातो.

हे आकडे त्यांनीच मला सांगितले, गाडी चालवता चालवता. हिवाळ्यात मी त्यांच्या शेजारी बसून आकडेवारी टिपतो : कुणाचे किती गुण, कुणाचे किती फाउल, कोण बाहेर बसलंय. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकत वाढलेल्या माणसाला असं आमंत्रण नाकारणं शक्यच नव्हतं. मात्र शेजारी बसल्यावर कळलं की आपल्या कानावर येतो तो या कामाचा सगळ्यात छोटा भाग असतो.

कॉलेजचे खेळ म्हटलं की भारतात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम येतात. ती आहेतच. तिथला समालोचक बहुधा पूर्णवेळ नोकर असतो, कधी विद्यापीठाचा, कधी प्रसारणाचे हक्क घेतलेल्या लिअरफील्डसारख्या कंपनीचा. सामन्यांखेरीज प्रशिक्षकांबरोबरचा साप्ताहिक कार्यक्रम, देणगीदारांच्या जेवणावळीचं सूत्रसंचालन, जाहिरातींना आवाज, हे सगळं त्याच पगारात येतं. पण अशा जागा मोजक्या. अमेरिकेतली शेकडो कॉलेजं तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळतात. तिथे खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळत नाही, प्रेक्षक पाचशे आले तरी हॉल भरल्यासारखा वाटतो, आणि सामना रेडिओवर येतो तो गावातल्या स्टेशनला तो हवा असतो म्हणून. आमचे समालोचक या जगातले.

सामना बुधवारी असला तर काम सोमवारी रात्री सुरू होतं. जेवणाच्या टेबलावर एक जाड पिवळसर फोल्डर उघडतात. डाव्या पानावर आपला संघ, उजव्या पानावर समोरचा. प्रत्येक खेळाडूला एक चौकोन : वर ठसठशीत आकडा, खाली नाव, उंची, गाव, कितव्या वर्षाला आहे, सरासरी गुण. गुण लाल शाईत, रिबाउंड हिरव्या, आणि उरलेल्या जागेत पेन्सिलीनं एखादी माहिती : हिचा भाऊ याच कॉलेजात होता, याचा गुडघा मागच्या वर्षी दुखावला होता. यातली दहातली आठ वाक्यं हवेत जातच नाहीत. कोणती दोन लागतील ते आधी कळत नाही, म्हणून दहाही लिहावी लागतात.

२०२३ पर्यंत कॉलेज बास्केटबॉलमध्ये पाठीवरच्या क्रमांकात शून्य ते पाच एवढेच अंक चालत. फाउल झाला की पंच हाताच्या बोटांनी क्रमांक दाखवतो, म्हणून. आता शून्यापासून नव्याण्णवपर्यंत कुठलाही क्रमांक घेता येतो. प्रेक्षकाला यानं काही फरक पडत नाही, पण ज्याला पाठमोरा खेळाडू अर्ध्या सेकंदात ओळखायचा असतो त्याला पडतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो नावांवर. समोरच्या कॉलेजच्या क्रीडा कार्यालयाला फोन लावून ते एकेका आडनावाचा उच्चार विचारतात, पुन्हा म्हणून दाखवतात, आणि चौकोनात कानाला लागेल तसा लिहून ठेवतात. सातशे मैलांवर एखादी आई मोबाइलवर हे प्रक्षेपण ऐकत असते आणि लेकीचं नाव आज रात्री एकदाच घेतलं जाण्याचा संभव असतो. ते चुकता कामा नये, यावर ते ठाम आहेत, आणि मला हे या कामातलं सगळ्यात सुंदर वाटतं. तयारीच्या या चार तासांचे पैसे कुणी देत नाही.

बुधवारी दीड वाजता आम्ही निघतो. नव्वद मैल, दुपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं आणि त्यावर बर्फ. सव्वातीनला पोचून टेबल मांडायचं. जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र हॉलच्या इंटरनेटला जोडलं की आवाज स्टुडिओत पोचतो. तिथे एक विद्यार्थी जाहिरातींची बटणं दाबायला बसलेला असतो. त्याला तासाचे दहा डॉलर मिळतात. मग प्रशिक्षकांशी पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण, पंचांची नावं, शेवटच्या क्षणी बदललेला संघ.

साडेपाचला मुलींचा सामना सुरू होतो. पहिल्याच वाक्यात दिशा सांगायची असते : आपला संघ तुमच्या रेडिओच्या डायलवर डावीकडून उजवीकडे चढाई करतोय. ऐकणाऱ्याच्या मनात मैदान एकदा असं आखलं गेलं की पुढचं प्रत्येक वाक्य त्यावर बसत जातं. चेंडू कुठे आहे, कुणाकडे आहे, घड्याळात किती वेळ उरलाय, गुण किती. तोंडानं हे चालू असताना उजवा हात माझ्या कागदाकडे येतो, दोन बोटं वर होतात, म्हणजे ‘हिचे फाउल किती?’ मी तीन बोटं दाखवतो, आणि पुढच्याच श्वासात ते श्रोत्यांपर्यंत पोचलेलं असतं.

टेबलावर त्यांच्यापुढे तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ असतं. ही युक्ती रेड बार्बर यांची. १९३० साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर सुरुवात करून पुढे बेसबॉलचे नामांकित समालोचक झालेले बार्बर असंच घड्याळ समोर ठेवत आणि वाळू खाली गेली की गुणसंख्या सांगून ते उलटं करत. मधेच रेडिओ लावणाऱ्याला तीन मिनिटांपेक्षा जास्त ताटकळावं लागू नये, एवढाच हेतू. दर तासाच्या सुमारास स्टेशनची ओळख आणि गावाचं नाव सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. तेही कुठेतरी दोन फ्री थ्रोंच्या मधे बसवायचं. आणि जाहिराती : आजचा सुरुवातीचा संघ सादर करताहेत अमुक बँक, मध्यंतराची आकडेवारी धान्याच्या सहकारी कोठाराकडून, विजयी खेळाडूची निवड गावातल्या अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेकडून.

मुलांचा सामना साडेसातला. तो संपून प्रशिक्षकांची मुलाखत होईपर्यंत साडेनऊ वाजून जातात, तारा गुंडाळेपर्यंत दहा, घरी पोचेपर्यंत पावणेबारा. तयारीचे चार तास धरले तर चौदा तासांचे ९० डॉलर, म्हणजे तासाला साडेसहाच्याही खाली. देशाचं किमान वेतन २००९ पासून सव्वासात डॉलरवर थांबलंय आणि आयोवातही तेच लागू आहे. मानधन सामन्यावर ठरतं, त्यामुळे तासांची नोंद कुठे होतच नाही. बटणं दाबणाऱ्या मुलाचे तास मात्र नोंदले जातात, आणि ते योग्यच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते पुन्हा माइकसमोर असतात. ती त्यांची खरी नोकरी : हवामान, मका-सोयाबीनचे भाव, बर्फामुळे बंद असलेल्या शाळा, निधनवार्ता. या पगारावर घर चालतं. आणि इथे कायद्यानंही हात आखडता घेतलाय. केंद्रीय कायद्यात चाळीस तासांच्या वरच्या कामाला दीडपट वेतन आहे, पण साधारण एक लाखाच्या आतल्या लोकवस्तीच्या गावांतल्या रेडिओ-टीव्ही केंद्रांचे निवेदक त्यातून वगळलेत. छोट्या स्टेशनांना परवडणार नाही, म्हणून. परवडत नसेलही, पण ती झळ सोसायची कुणी, हे कायद्यानं परस्पर ठरवून टाकलं.

याच आयोवात १९३२ साली डॅव्हनपोर्टच्या डब्ल्यूओसी केंद्रानं एका बेकार तरुणाला कॉलेज फुटबॉलच्या समालोचनासाठी घेतलं. पहिल्या सामन्याचे पाच डॉलर आणि बसचं भाडं, पुढच्यांचे दहा. तरुणाचं नाव रॉनल्ड रेगन. महामंदीच्या सगळ्यात वाईट वर्षातले ते पाच डॉलर आजच्या किमतीत शंभरावर जातात, दहा डॉलर दोनशेवर. आणि बसभाडं पूर्ण मिळत होतं! भर मंदीत जो दर परवडला तो आज का परवडत नाही, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

फुटबॉलचे दहा सामने आणि हिवाळ्यातलं सगळं बास्केटबॉल मिळून हंगामाची बेरीज तीन हजार डॉलरच्या जरा वर जाते. दुसरी मिळकत जाहिरातींची. ते स्वतः दुकानोदुकानी फिरून प्रायोजक गोळा करतात आणि त्यावर १५ टक्के कमिशन घेतात. बाराशे डॉलर देणाऱ्या बियाणांच्या विक्रेत्यामागे १८० डॉलर. असे डझनभर प्रायोजक जमले तर हंगामाच्या मानधनाच्या सुमारे दोन-तृतीयांशाएवढी कमाई त्यातून होते. विक्रेता पैसे देतो ते या आवाजाच्या भरवशावर; सुगीत कम्बाइनमध्ये बसलेलं त्याचं गिऱ्हाईक शनिवारी दुपारी हाच आवाज ऐकत असतं. म्हणजे स्टेशनला मिळणाऱ्या त्या पैशांमागेही सोमवार रात्रीचं फोल्डर आहे. तरी हिशेबात ते कुठेच दिसत नाही, कारण मानधन एका वहीत, कमिशन दुसऱ्या आणि पगार तिसऱ्या. कामाचे असे तुकडे पाडले की एकाही तुकड्याला पूर्ण किंमत द्यावी लागत नाही, असं मला या सगळ्यातून दिसलं.

वरच्या पातळीवर खेळाडूंचं चित्र पालटलंय. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात, आणि २०२५ पासून पहिल्या डिव्हिजनची विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. ज्यांच्या घामावर सगळं उभं होतं त्यांना ते मिळायलाच हवे होते. आमच्याकडे मात्र वारं उलट दिशेनं वाहतंय. बहुतेक कॉलेजं आता इंटरनेटवर स्वतःचं चित्रप्रक्षेपण करतात, आणि माइक विद्यार्थ्याच्या हाती देतात, कधी तासाच्या दरानं, कधी अनुभव म्हणून फुकट. मुलं शिकतात, हे चांगलंच आहे. पण चित्र दिसत असलं की दिशा, वेळ आणि गुण सांगायची गरज संपली असं त्यांना वाटतं, आणि गाडीत किंवा गोठ्यात नुसतं ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

या उन्हाळ्यात आमच्या समालोचकांच्या स्टेशननं पुढच्या हंगामाचा कागद पुढे केला. दर तोच, वर एक नवं कलम : समालोचन करता करता मोबाइलचा कॅमेरा लावून सामना फेसबुकवरही दाखवायचा. त्यांनी सोमवारची रात्र, गाडीचे मैल आणि परतीची वेळ घालून एका बुधवारचा तक्ता लिहून मॅनेजरपुढे ठेवला. मॅनेजरनं तो दोनदा वाचला म्हणे. मैलाचा दर ५० सेंटवर गेला आणि दुहेरी सामन्याचे पूर्ण १२० डॉलर कबूल झाले. कॅमेऱ्यासाठी एक विद्यार्थी मिळणार आहे, तासाच्या दरानं. तयारीच्या चार तासांचं काय, हे त्यांनी पुन्हा विचारलं. त्यावर जानेवारीत बोलू, असं ठरलंय.