बत्तीस मजल्यांना चौक

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराच्या मधोमध ४४ मजल्यांचा एक मनोरा आहे. बांधकाम १९८६ चं, म्हणजे इमारतीच्या हिशेबात वय फारसं नाही. २००६ साली तो २० कोटी ५० लाख डॉलरला विकला गेला. २०२४ साली पुन्हा विकला गेला, तेव्हा किंमत आली सुमारे ३६ लाख डॉलर. आधीच्या किमतीच्या दोन टक्केसुद्धा नाही. चौरस फुटाला तीन डॉलरच्या आसपास. मधल्या काळात तिथे भूकंप झाला नव्हता, आग लागली नव्हती. आत काम करणारी टेलिफोन कंपनी निघून गेली आणि तिच्या जागी दुसरं कुणी आलं नाही, एवढंच घडलं होतं.

हा आकडा वाचून कुणीही थबकेल. पण मला त्याहून जास्त थक्क करतं ते दुसरंच. अशाच ओस पडलेल्या इमारती काही शहरांत आतून पोखरून, वर मजले चढवून, पाइप आणि खिडक्या नव्यानं घालून माणसांना राहायला दिल्या जात आहेत. जिथे रात्री फक्त पहारेकरी असायचा, तिथे आता कुकर लागतात आणि मुलं अभ्यासाला बसतात.

डाउनटाउन म्हणजे अमेरिकन शहराचा जुना गाभा. बँका, न्यायालयं, मोठी दुकानं, नाटकगृहं आणि त्यांच्या आसपास राहणारी माणसं, असं सगळं एके काळी तिथे एकत्र होतं. १९५६ साली देशभर महामार्ग बांधण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी मिनियापोलिसजवळच्या इडायना गावात व्हिक्टर ग्रूएन या वास्तुकारानं आखलेला साउथडेल मॉल उघडला. सगळी दुकानं एका छपराखाली, आत वातानुकूलन, बाहेर गाड्यांसाठी अफाट जागा. गाडी परवडणारी कुटुंबं उपनगरांत गेली आणि त्यांच्यामागून दुकानंही गेली. त्यांना ये-जा करता यावी म्हणून शहराच्या पोटातून महामार्ग काढले, त्यासाठी जुने मोहल्ले पाडले. त्यांतले कितीतरी कृष्णवर्णीयांचे होते, आणि त्या माणसांना उपनगरांत घर घेण्याची वाटही बहुतेक बंद होती. गाभ्यात उरली ती मुख्यतः ऑफिसं.

शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाचं उदाहरण घेऊन नुसत्या ऑफिसांच्या भागाचा धोका दाखवला होता. वॉल स्ट्रीटच्या परिसरात दिवसा लाखो माणसं काम करतात आणि संध्याकाळी सगळा भाग रिकामा होतो. दुपारच्या दोन तासांच्या गर्दीवर कुठलंही हॉटेल नीट चालत नाही. रस्त्याला सगळ्या वेळची माणसं लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकन शहरांनी पुढची साठ वर्षं बव्हंशी त्याच्या उलट वाट धरली.

मग २०२० साली कोविडची महासाथ आली आणि माणसं घरून काम करू लागली. ऑफिसच्या दारावर कार्ड लावून आत जावं लागतं. कॅसल सिस्टीम्स ही कंपनी दहा मोठ्या महानगरांतल्या अशा नोंदींवरून हजेरी मोजते. २०२३ पासून तो आकडा महासाथीपूर्वीच्या निम्म्याच्या आसपास घुटमळत राहिला. मंगळवारी वर्दळ, शुक्रवारी शुकशुकाट. ऑफिसात न आलेल्या माणसाबरोबर त्याचा दुपारचा डबा विकणारा, त्याचे बूट दुरुस्त करणारा, त्याचा मजला रात्री झाडणारी बाई, सगळ्यांची मिळकत गेली. अर्पित गुप्ता, वृंदा मित्तल आणि स्टिन व्हॅन न्यूवरबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ साली ऑफिसांच्या घसरत्या किमतींचा हिशेब मांडला, तेव्हा शहरांना खरी धडकी भरली. अमेरिकेत शहराचा मोठा खर्च मालमत्ता करातून भागतो. इमारतीची किंमत पडली की कर घटतो, कर घटला की शाळा, बस, साफसफाई यांना कात्री लागते, मग आणखी माणसं निघून जातात आणि किंमत आणखी पडते.

एकीकडे ओस ऑफिसं, दुसरीकडे घरांची भयंकर टंचाई. मग ऑफिसांचीच घरं करा, असं कुणालाही सुचेल. आडवा येतो तो उजेड.

न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे झोपण्याच्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी. ऑफिसच्या टेबलाला तशी अट नाही. पण शंभर वर्षांपूर्वी ऑफिसलाही खिडकी लागायचीच, कारण दिवे मंद आणि गरम होते आणि वातानुकूलन नव्हतं. खिडकीपासून पंचवीस-तीस फुटांपलीकडच्या जागेला चांगलं भाडं मिळत नसे. म्हणून त्या काळच्या वास्तुकारांनी मजल्यांना इंग्रजी ई, एच, यू या अक्षरांचे आकार दिले, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला आकाश मिळावं. १९३८ साली ट्यूबलाइट बाजारात आली, दुसऱ्या महायुद्धानंतर वातानुकूलन सर्रास झालं आणि खिडकीची गरज संपली. मजले रुंदावले. मध्यभागी लिफ्ट, जिना आणि स्वच्छतागृहं, त्यांच्या चहूबाजूंना चाळीस-पन्नास फूट खोल जागा. ट्यूबलाइट बंद केली तर आतल्या अर्ध्या भागात भरदुपारी काळोख.

त्यामुळे झालंय असं की १९२० च्या दशकातली इमारत आज सहज घर होते आणि १९७० च्या दशकातली अडून बसते. नव्या काळाला जे तंत्र प्रगत वाटलं, त्यानंच त्या इमारतींना एका कामाला बांधून टाकलं. गेन्सलर या वास्तुरचना संस्थेनं उत्तर अमेरिकेतल्या हजाराहून अधिक ऑफिस इमारती तपासल्या, तेव्हा चारांतली साधारण एकच घरांसाठी योग्य निघाली. खिडकी हा अर्थात एकच अडसर नाही. ऑफिसच्या मजल्यावर नळ आणि सांडपाण्याचे पाइप एकाच जागी असतात. घरं केली की प्रत्येक घराला स्वयंपाकघर आणि न्हाणीघर लागतं. खोल मजल्यांवर तर लांबच लांब घरं निघतात. खिडकीपाशी बैठक, मागे स्वयंपाकघर आणि अगदी आत बिनखिडकीची एक खोली, जिला झोपण्याची खोली म्हणता येत नाही म्हणून कागदावर घरातलं ऑफिस म्हणतात.

आता वॉटर स्ट्रीटवरच्या २५ क्रमांकाच्या इमारतीकडे येऊ. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला १९६९ साली ती बांधली गेली, एका बँकेच्या पडद्याआडच्या कामासाठी. विटांच्या २२ मजली ठोकळ्याला खिडक्या कसल्या, उभ्या चिरा होत्या. माणसाला राहण्यासाठी याहून अयोग्य इमारत शोधून सापडली नसती. मेट्रो लॉफ्ट आणि जीएफपी या विकासकांनी नेमकी तीच घेतली. सेट्रारडी या वास्तुकार संस्थेनं तिच्या पोटात आरपार दोन उभे चौकोन कापले. आपल्या जुन्या वाड्याला जसा चौक, ज्याच्या भोवती खोल्या आणि ज्यातून आकाश घरात उतरतं, तसेच दोन चौक. फक्त वाडा आधी चौक ठेवून बांधतात, आणि इथे पोलाद-काँक्रीटचे मजले उभे असताना तो पाडायचा होता.

पण कापलेल्या जागेचं काय? आपल्याकडे एफएसआयचा, म्हणजे भूखंडावर किती चौरस फूट बांधता येतील याचा हिशेब असतो, तसा तिथेही असतो. अशा कितीतरी जुन्या इमारतींत आजच्या नियमात बसेल त्याहून जास्त चौरस फूट आहेत. पाडून नवी बांधली तर तेवढी जागा मिळणार नाही. उभी ठेवली तर मिळते. म्हणून पोटातून काढलेले चौरस फूट डोक्यावर नेले. दहा मजले वाढले, २२ चे ३२ झाले, आणि अंधारात पडून राहिली असती ती जागा वर समुद्राच्या वाऱ्यात गेली. ऑफिसचे मजले घरांच्या मजल्यांपेक्षा जास्त वजन पेलण्यासाठी बांधतात, हेही उपयोगी पडलं. चिरांच्या जागी रुंद खिडक्या आल्या. २०२५ मध्ये तिथे लोक राहायला आले. तेराशेहून अधिक घरं. ऑफिसचं घर करण्याचा तोवरचा देशातला तो सगळ्यात मोठा प्रयोग होता. आता त्याहून मोठा, फायझर कंपनीच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या जुन्या मुख्यालयाचा, हाती घेतला आहे.

त्याच वॉटर स्ट्रीटवर १६० क्रमांकाच्या इमारतीत तर उजेडासाठीसुद्धा कापलेलं नाही. मजल्यांच्या काळोख्या मध्यातून पोकळ्या खणल्या आणि भिंतींनी बंद करून टाकल्या. त्या पोकळ्यांत कुणी राहत नाही, कुणाला त्या दिसतही नाहीत. निरुपयोगी चौरस फूट तिथून उचलून छतावर पाच नवे मजले केले, इतकंच त्यांचं काम. हे वाचल्यावर मी त्या इमारतीचा आडवा छेद कागदावर काढून पाहिला, तेव्हा कुठे विश्वास बसला.

सगळीकडे इतकी कापाकापी लागत नाही. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये १९०८ साली क्लीव्हलंड ट्रस्ट बँकेनं एक गोल सभागृह बांधलं. वर रंगीत काचांचा प्रचंड घुमट, भोवती फ्रान्सिस मिले या चित्रकाराची तेरा भित्तिचित्रं.  सभागृहाला लागून १९७१ मध्ये मार्सेल ब्रॉयर या वास्तुकारानं २९ मजली मनोरा उभारला. बँक विलीन झाली, दोन्ही वास्तू वर्षानुवर्षं बंद पडल्या आणि तिथल्या काउंटी प्रशासनानं मनोरा पाडायचंही ठरवलं होतं. तो वाचला आणि त्यात घरं नि हॉटेल आलं. २०१५ साली त्या घुमटाखाली हायनन्स हे किराणा दुकान उघडलं. जिथे खातेदार पासबुक घेऊन उभे राहायचे, तिथे आता काचेच्या रंगीत उजेडात लोक टोमॅटो निवडतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ऑफिस घर होणं हा बांधकामाचा प्रश्न आहे. दूध-भाजी चालत जाऊन आणता येणं, यानं वस्ती होते. क्लीव्हलंडच्या डाउनटाउनमध्ये आता वीस हजारांच्या आसपास लोक राहतात.

याचा पैसा कुठून येतो? ऐतिहासिक ठरलेल्या, उत्पन्न देणाऱ्या इमारतीची नीट डागडुजी केली तर खर्चाच्या २० टक्के इतकी सूट संघराज्याच्या करात मिळते, ओहायो राज्य त्यावर आणखी सूट देतं. लॉस एंजेलिसनं १९९९ साली पैसा दिला नाही, नियम सैल केले: जुन्या ऑफिसची घरं करताना नवी पार्किंगची जागा दाखवायची गरज नाही. गाडीशिवाय पान न हलणाऱ्या त्या शहरात एवढ्याशा सवलतीनं डाउनटाउनमध्ये हजारो घरं झाली. काही शहरांनी तर गाभा चिरणाऱ्या महामार्गांनाच हात घातला. रॉचेस्टरनं शहराला वेढणाऱ्या खोल महामार्गाचा पूर्वेचा भाग २०१७ पर्यंत चक्क मातीनं बुजवला आणि त्यावर रस्ते नि घरं केली. डॅलसनं वाहत्या महामार्गावर छत घालून २०१२ साली पाच एकरांची बाग केली.

तरीही सगळं मार्गी लागलं असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २०२४ साली ऑफिसची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा रिकामी होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या आता ती घेत आहेत. न्यूयॉर्कची भाडी इतकी चढी आहेत की इमारत कापण्याचा खर्च निघतो. सेंट लुइसमध्ये भाडी कमी, म्हणून मनोरा मातीमोल भावात मिळाला तरी त्याला चौक पाडणं परवडणं कठीण. आणि ज्या बाईनं ते मजले वर्षानुवर्षं झाडले, तिला तिथलं नवं घर घेता येणार नाही, ही गोष्ट मला सलते. न्यूयॉर्क राज्यानं २०२४ मध्ये अशा रूपांतराला करसवलत दिली, तेव्हा एक चतुर्थांश घरं परवडणाऱ्या भाड्यानं देण्याची अट घातली. ती अट इतर शहरांनीही उचलावी असं मनापासून वाटतं.

जेकब्स यांनी ज्या टोकाचं उदाहरण दिलं होतं, तिथे १९९५ साली अशीच एक करसवलत सुरू झाली आणि तिच्या आधारानं बारा-तेरा हजार घरं झाली. आज त्या भागात साठ हजारांहून जास्त लोक राहतात. मुलं वाढली तशा शाळा कमी पडू लागल्या. फ्रँक गेरी या वास्तुकारानं स्प्रूस स्ट्रीटवर ७६ मजल्यांचा निवासी मनोरा उभारला, तेव्हा त्याच्या खालच्या मजल्यांवर सरकारी प्राथमिक शाळा काढावी लागली.